कलिंगडाची पक्वता : वेलीवरची आणि बाजारातली

मार्च महिना लागला की भिलाईत सुपेला बाजारापासून पॉवर हाऊसपर्यंत रस्त्यांच्या कडेला कलिंगडांचे ढीग रचले जातात. त्यांतील काही फळे महानदी व तिच्या उपनद्यांच्या वाळूतून आलेली असतात, तर काही ठिबक सिंचन व प्लास्टिक आच्छादनावर वाढवलेल्या शेतांतून. पोलाद कारखान्याच्या निमित्ताने विदर्भातून येथे येऊन स्थिरावलेली मराठी कुटुंबे या फळास ‘टरबूज’ म्हणतात, पश्चिम महाराष्ट्रातून आलेला मनुष्य ‘कलिंगड’ म्हणतो आणि विकणारी छत्तीसगढी बाई ‘कलिंदर’ म्हणते. कलिंगड, कलिंदर आणि संस्कृतातील ‘कालिंद’ हे शब्द एकाच कुळातले दिसतात. नावे निराळी असली तरी ढिगासमोर उभ्या राहिलेल्या ग्राहकाची कृती एकच असते. फळ उचलायचे, कानाशी धरायचे, दोन टिचक्या मारायच्या आणि जाणत्याचा आव आणून मान डोलवायची.

कीटकशास्त्राच्या अभ्यासकाने फळाच्या निवडीवर लिहावे, हे काही वाचकांस अस्थानी वाटेल. परंतु कलिंगडाच्या सालीवर, आकारात व गरात ज्या खुणा आपण वाचू पाहतो, त्यांतील कित्येक कीटकांनी घडवलेल्या किंवा बिघडवलेल्या असतात. शिवाय हंगामात शेतकरी व ग्राहक या दोघांकडून ऐकू येणारी ‘फळ लाल निघाले, पण गोड नाही’ ही तक्रार फवारणीच्या वेळेपासून काढणीच्या घाईपर्यंत अनेक गोष्टींशी निगडित आहे. म्हणून हा विषय बाजारातून मागे, वेलीपर्यंत नेऊन पाहणे इष्ट ठरेल.

गोडी वेलीवरच ठरते

केळी, आंबा, पपई ही फळे तोडल्यावर पिकतात. त्यांत साठलेल्या पिष्टाचे तोडणीनंतर साखरेत रूपांतर होत राहते. कलिंगडात असा पिष्टाचा साठा नसतो. पानांत तयार झालेली साखर देठावाटे फळात येत असते आणि देठ कापला की तो प्रवाह त्याच क्षणी थांबतो. अढी घालून, गवतात ठेवून किंवा आठवडाभर वाट पाहून कच्चे कलिंगड गोड करता येत नाही. ही एक गोष्ट नीट लक्षात घेतली तर पुढील सर्व खुणांचा अर्थ आपोआप लागतो. बाजारात आपण फळ पिकले आहे का हे तपासत नसतो, ते पिकल्यावर कापले गेले होते का याचा माग काढत असतो.

यातही एक बारकावा आहे. वाढीच्या पहिल्या टप्प्यात फळात प्रामुख्याने ग्लुकोज व फ्रुक्टोज साठते, तर सुक्रोजचे प्रमाण शेवटच्या दिवसांत वाढते. गराचा लाल रंग मात्र त्याआधीच बराचसा चढलेला असतो. त्यामुळे आठ दिवस आधी तोडलेले फळ चिरल्यावर लाल दिसते, पण जिभेला फिके लागते. विक्रेता त्रिकोणी तुकडा कापून ‘बघा, लालभडक’ म्हणतो तेव्हा तो खोटे बोलत नसतो. आपणच रंगावरून गोडीचा निष्कर्ष काढत असतो. तुकडा कापलाच असेल तर तो चाखून पाहावा, आणि चाखताना लक्षात ठेवावे की फळाच्या मध्याशी गोडी सर्वाधिक व सालीकडे सर्वांत कमी असते. उथळ तुकडा फळाची खरी चव सांगत नाही.

गोडी मोजण्यासाठी हातात मावणारा रिफ्रॅक्टोमीटर वापरतात. रसाचा एक थेंब काचेवर टाकला की विद्राव्य घटकांचे प्रमाण ‘ब्रिक्स’ अंशांत वाचता येते. मध्याच्या गराचा ब्रिक्स १० किंवा अधिक असला तर फळ चांगले समजावे. ८ च्या आसपासचे फळ तहान भागवते, पण त्याची आठवण राहत नाही.

काढणीची घाई का होते, हेही उघड आहे. हंगामाच्या प्रारंभी दर चढे असतात. रमजान महिना दरवर्षी सुमारे अकरा दिवसांनी अलीकडे सरकतो आणि गेल्या काही वर्षांत तो फेब्रुवारी-मार्चमध्ये येऊ लागल्याने कलिंगडाची मोठी मागणी ऐन थंडी ओसरण्याच्या सुमारास निर्माण होते. त्या काळातील फळ थंड रात्रींत वाढलेले असते. त्यास पक्व होण्यास अधिक दिवस लागतात, आणि नेमके तेव्हाच व्यापाऱ्याचे वाहन बांधावर उभे असते. अशा वेळी अर्धपक्व माल भरला गेला की त्या दिवशीचा पैसा मिळतो. मात्र फिके फळ खाल्लेला ग्राहक पुढचे पंधरा दिवस ढिगाकडे वळत नाही. त्याचा फटका वेलीवर फळ पूर्ण पिकू देणाऱ्या शेतकऱ्यासही बसतो.

एका सकाळचे काम

कलिंगडाच्या वेलीवर नर व मादी फुले वेगवेगळी येतात. मादी फुलाच्या पाकळ्यांखाली हरभऱ्यापासून लहान बोरापर्यंतच्या आकाराचे लवदार फळ आधीच दिसते, म्हणून ते ओळखणे सोपे आहे. हे फूल सूर्योदयानंतर उमलते आणि त्याच दिवशी दुपारपर्यंत मिटते. दुसरी संधी नाही. कलिंगडाचे परागकण चिकट व जड असल्याने वारा हे काम करीत नाही. त्या चार-सहा तासांत मधमाश्यांनी नर फुलांतील पराग आणून मादी फुलाच्या कुक्षीवर पोचवला नाही, तर ते चिमुकले फळ पिवळे पडून गळते.

चांगल्या फळासाठी कुक्षीवर ५०० ते १,००० परागकण पडावे लागतात. शिवाय कुक्षीचे तीन भाग असतात आणि पराग तिन्ही भागांवर सारखा पसरावा लागतो. १९६६ साली प्रसिद्ध झालेल्या अ‍ॅडलर्झ यांच्या अभ्यासात एका मादी फुलास मधमाश्यांच्या किमान आठ भेटी आवश्यक असल्याचे दिसून आले होते, आणि तो आकडा आजही आधारभूत मानला जातो. भेटी कमी झाल्या किंवा एकाच बाजूस पराग पडला, तर त्या बाजूच्या बिया भरतात व गर वाढतो. दुसरी बाजू खुजी राहते. परिणामी फळ वाकडे, एका टोकास निमुळते किंवा एका अंगाने चपटे होते. बाजारात असे फळ स्वस्त मिळते. ते खाण्यास अपायकारक नसले तरी समतोल आकाराचे फळ निवडावे या जुन्या सल्ल्यामागे हे शास्त्र आहे. ज्याचा आकार सर्व बाजूंनी सारखा, त्याच्या फुलावर त्या सकाळी माश्या पुरेशा आल्या होत्या.

मध्य भारतात हे काम सातेरी, आग्या व फुलोरी या मधमाश्या तसेच डंख नसलेल्या लहान पोयाच्या माश्या करतात. भिलाईच्या वसाहतीत पाण्याच्या उंच टाक्यांखाली व जुन्या वृक्षांवर आग्या माशीची पोळी लोंबताना दिसतात आणि लोक ती धूर करून हाकलण्याची घाई करतात. नदीपात्रातील वाळूत तर वृक्षच नसतात. तेथील वेलींवर येणारी प्रत्येक माशी काठावरच्या अर्जुन, जांभूळ, कडुनिंबासारख्या झाडांवरून येते. काठाची झाडे तुटली की वाळूतील फळांचा आकार बिघडू लागतो. शेतकरी त्याचा दोष मात्र बियाण्यास देतो. जेथे स्थानिक माश्या अपुऱ्या असतील तेथे हेक्टरी दोन ते पाच मधमाश्यांच्या पेट्या ठेवण्याची शिफारस साधारणतः केली जाते. बीविरहित वाणांच्या बाबतीत ही गरज आणखी वाढते. त्यांचे स्वतःचे परागकण निरुपयोगी असल्याने शेजारी बियांचे वाण लावून त्याचा पराग माश्यांकरवी आणवावा लागतो. म्हणजे बी नसलेल्या फळासही माशी लागतेच.

येथे फवारणीचा प्रश्न येतो आणि या लेखातील सर्वांत निकडीची गोष्ट हीच आहे. कलिंगडावर फुलकिड्यांचा उपद्रव असतो. ते रस शोषतात, शिवाय शेंडे करपवणारा कळी-ऊतिक्षय विषाणू एका वेलीवरून दुसरीवर नेतात. त्यांचा बंदोबस्त करावाच लागतो. परंतु फवारणी बहुधा सकाळी केली जाते, कारण मजूर सकाळी मिळतात व ऊनही कमी असते. नेमक्या त्याच वेळी फुले उमललेली असतात व माश्या कामावर असतात. इमिडाक्लोप्रिडसारखी कीटकनाशके मधमाश्यांस अत्यंत घातक आहेत. सकाळच्या एका फवारणीने त्या दिवशीची सर्व मादी फुले वाया जाऊ शकतात आणि माश्यांची संख्या घटल्याने पुढील दिवसांचीही हानी होते. फुलोऱ्यात फवारणी अटळ असेल तर ती सायंकाळी, फुले मिटल्यानंतर करावी. औषधाची निवड कृषी विद्यापीठाच्या शिफारशीप्रमाणे करावी आणि फवारणी व काढणी यांतील प्रतीक्षा कालावधी काटेकोरपणे पाळावा. यास एका रुपयाचाही अधिक खर्च येत नाही. केवळ मजुरांची वेळ बदलावी लागते. तीच बदलणे कठीण असते, हे मान्य आहे.

कधीकधी फळ चिरल्यावर मध्यभागी मोठी भेग किंवा पोकळी आढळते. ‘इंजेक्शन दिलेले फळ’ म्हणून अशा फळांची चित्रे भ्रमणध्वनीवर फिरत असतात. पोकळ गाभ्याचा संबंध अपुऱ्या परागीभवनाशी असल्याचे संशोधनातून दिसून आले आहे. बिया व ऊती पुरेशा न भरलेल्या फळाचा घेर वेगाने वाढला की गर मधोमध उकलतो. असे फळ निःशंक खावे.

देठाजवळची बाळी

शेतात फळ केव्हा तोडावे, याचे सर्वांत विश्वसनीय लक्षण म्हणजे फळाच्या देठाजवळची बाळी. वेलीच्या ज्या पेरावर फळ लागलेले असते, त्याच पेरावर निघणारा हा वळलेला लतातंतू आहे. तो हिरवा असेतो फळ कच्चे. अर्धा वाळला की फळ पक्वतेच्या जवळ. पूर्ण तपकिरी होऊन वाळला की फळ तयार. शेजारच्या पेरावरील बाळी पाहून निर्णय घेऊ नये. रोगाने किंवा पाण्याच्या ताणाने सगळा वेलच वाळत असेल तेव्हा मात्र या खुणेवर विसंबता येत नाही.

दुसरा उपाय मला अधिक शास्त्रशुद्ध वाटतो आणि तो आपल्याकडे फारसा कोणी करीत नाही. फूल फळात रूपांतरित झाल्यावर त्या आठवड्यातील फळांच्या देठाजवळ एका रंगाच्या लोकरीचा धागा सैलसर बांधावा, पुढील आठवड्यात दुसऱ्या रंगाचा. उन्हाळ्यात बहुतेक वाणांना फुलापासून पक्वतेपर्यंत ३० ते ४० दिवस लागतात. लहान फळाच्या शुगर बेबीसारख्या वाणांना कमी, मोठ्या फळांच्या वाणांना अधिक. थंडीत वाढलेल्या पिकास त्याहूनही अधिक. एका रंगाची दोन फळे कापून रिफ्रॅक्टोमीटरने तपासली की त्या रंगाच्या उरलेल्या सर्व फळांचा निर्णय घेता येतो. व्यापारी बांधावर उभा असताना ‘हा लाल धागा आज, तो पिवळा पुढच्या सोमवारी’ असे सांगू शकणारा शेतकरी अंदाजाने वेल साफ करणार नाही.

काढणीपूर्वी आठवडाभर पाणी हळूहळू कमी करावे. शेवटच्या दिवसांत भरपूर पाणी दिल्यास फळाचे वजन वाढते, पण गोडी पातळ होते व फळे तडकतात. फळ ओढून तोडू नये; देठाचा चार-पाच सेंटिमीटर भाग ठेवून कात्रीने कापावे. खरबूज पिकले की देठापासून आपोआप सुटू लागते. कलिंगडाचे तसे होत नाही, त्याचा देठ शेवटपर्यंत घट्ट राहतो. म्हणून खरबुजाची कसोटी कलिंगडास लावू नये.

ढिगासमोर

बाजारात बाळी क्वचितच शिल्लक असते. तेथे पहिली खूण फळाच्या पोटाची. जमिनीला टेकलेला भाग कोवळ्या फळात पांढरा किंवा फिकट हिरवा असतो. फळ पक्व होऊ लागले की तो साईसारखा आणि पुढे लोण्यासारखा पिवळा होतो. पांढरे पोट असलेले फळ परत ठेवावे, बाकी खुणा कितीही अनुकूल असोत. प्लास्टिक आच्छादनावर वाढलेल्या फळांचे पोट मातीवरील फळांपेक्षा स्वच्छ दिसते, म्हणून एकाच ढिगातील फळे परस्परांशी ताडून पाहावीत. दुसरी खूण सालीच्या तजेल्याची. कच्च्या फळाची साल तुकतुकीत असते, पक्व फळाची किंचित निस्तेज. ग्राहक नेमके चकाकणारे फळ उचलतो आणि विक्रेते ओल्या फडक्याने पुसून ती चकाकी वाढवतात.

टिचकीबद्दल थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण तिच्यावर लोकांचा विश्वास गाढ आहे. कच्च्या फळाचा गर घट्ट असल्याने आवाज टणटण, उंच पट्टीत येतो. पिकताना गर मऊ होतो व आवाज खाली उतरून बदबद असा घुमतो. अतिपक्व फळाचा आवाज मेल्यासारखा येतो, त्यात घुमारा नसतो. इथपर्यंत लोकानुभव व भौतिकशास्त्र यांचे एकमत आहे. अडचण अशी की आवाजाची पट्टी फळाच्या आकारावरही अवलंबून असते. मोठे कच्चे फळ लहान पक्व फळापेक्षा खालच्या पट्टीत वाजू शकते. म्हणून एकच फळ वाजवून काहीही कळत नाही. सारख्या आकाराची चार-पाच फळे वाजवून त्यांतील फरक ऐकावा. रहदारीच्या गोंगाटात हे करणारे बहुतेक लोक केवळ विधी पार पाडत असतात, असे माझे मत आहे. फळ दोन्ही हातांनी दाबून आतून ‘करकर’ आवाज येतो का ते पाहण्याची पद्धत मात्र सोडून द्यावी. तो आवाज गर फाटल्याचा असतो आणि ते फळ पुढच्या ग्राहकासाठी खराब होते.

‘आकाराच्या मानाने जड फळ घ्यावे’ हा सल्ला अर्धा बरोबर आहे. वजनावरून पोकळ व सुकलेली फळे वगळता येतात. पक्वता त्यातून कळत नाही, कारण कच्चे फळही चांगलेच जड असते. गोल फळ ‘मादी’ व लांबट फळ ‘नर’, आणि मादी अधिक गोड, ही समजूत तर पूर्णपणे निराधार आहे. सर्वच फळे मादी फुलापासून होतात, आणि गोल की लांबट हे वाणावर अवलंबून असते. सालीवरील तपकिरी जाळी जितकी दाट तितक्या मधमाश्या त्या फुलावर आल्या होत्या, असेही अलीकडे सांगितले जाते. माशी कुक्षीवर बसते, सालीवर नव्हे, आणि तिच्या बसण्याने साल खरवडली जात नाही. जाळी म्हणजे सालीच्या पृष्ठभागावर झालेल्या इजा भरून आलेल्या व्रणांचा बुचासारखा थर होय. जाळीचे फळ गोड निघालेच, तर त्याचे श्रेय वेलीवर घालवलेल्या दिवसांस द्यावे.

आता ज्या खुणेस ग्राहक सहसा चुकीचे नाव देतात तिच्याकडे वळू. सालीवर टाचणीने टोचल्यासारखे छिद्र आणि त्याभोवती वाळलेल्या डिंकासारखा थेंब दिसला, की ‘रंगाचे इंजेक्शन दिले’ असा निष्कर्ष काढला जातो. माझ्या पाहण्यात आलेली अशी छिद्रे जवळपास सर्व फळमाशीची होती. झ्युगोडॅकस कुकर्बिटी या माशीची मादी कोवळ्या फळात आपली अंडनलिका खुपसून अंडी घालते. एक-दोन दिवसांत अळ्या बाहेर पडून गर खातात व त्या वाटेने कुजविणारे जंतू आत शिरतात. फळ मोठे झाल्यावर साल कठीण होते व छिद्राचा व्रण उरतो, आत मात्र नासका भाग असू शकतो. छिद्राभोवतीचा भाग बोटाने दाबून पाहावा. मऊ लागल्यास फळ घेऊ नये. तांबड्या भुंगेऱ्यांच्या अळ्याही जमिनीला टेकलेल्या बाजूने फळ पोखरतात, म्हणून पोटाचा रंग पाहताना तेथे भोके नाहीत ना हेही पाहून घ्यावे.

सुईने टोचलेल्या अखंड फळात रंग सर्वत्र सारखा पसरणे शक्य नाही आणि ४२ अंशांच्या उन्हात ते फळ छिद्राच्या जागी आंबून लवकरच फसफसू लागेल. कापून विकलेल्या फोडींची व रसाची गोष्ट निराळी. तेथे भेसळीस वाव असतो. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने सुचविलेली चाचणी घरी करता येते. लाल गरावर कापसाचा बोळा घासावा; बोळा लाल झाल्यास एरिथ्रोसिन या कृत्रिम रंगाचा संशय घ्यावा. कलिंगडाचा स्वतःचा लाल रंग लायकोपीनचा असतो. टोमॅटोचा रंगही त्याचाच, आणि तो पाण्यात विरघळत नाही.

शेतकऱ्यांसाठी फळमाशीच्या सापळ्यांबाबत एक सूचना द्यावीशी वाटते. वेलवर्गीय पिकांतील फळमाशीचे नर ‘क्यू ल्युअर’ या गंधाकडे आकर्षित होतात, तर आंबा-पेरूवरील फळमाशीचे नर ‘मिथाइल युजेनॉल’कडे. दुकानांत दोन्ही ‘फळमाशी सापळा’ याच नावाने मिळतात. कलिंगडाच्या शेतात मिथाइल युजेनॉलचे सापळे टांगून ‘उपयोग होत नाही’ म्हणणारे शेतकरी मी अनेकदा पाहिले आहेत. गोळीचे नाव वाचून घ्यावे, आणि सापळे मादी फुले दिसू लागताच लावावेत. फळे किडल्यावर लावून विशेष लाभ नाही.

घरी आणल्यावर

अखंड कलिंगड लगेच शीतकपाटात ठेवण्याचे कारण नाही. अमेरिकेच्या कृषी विभागातील शास्त्रज्ञांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, २१ अंश सेल्सियसला १४ दिवस ठेवलेल्या फळांत लायकोपीनचे प्रमाण ताज्या फळांच्या तुलनेत काही वाणांत ४० टक्क्यांपर्यंत वाढलेले आढळले. ५ अंशांस ठेवलेली फळे आठवड्याभरानंतर खराब होऊ लागली. भिलाईच्या मे महिन्यात घरात २१ अंश कोठून आणायचे, हा प्रश्न रास्त आहे. तरीही फरशीवर, सावलीत, हवेशीर जागी फळ चार-सहा दिवस उत्तम राहते. या काळात रंग वाढेल, गोडी वाढणार नाही.

चिरण्यापूर्वी फळ वाहत्या पाण्याखाली चोळून धुवावे. आपण साल खात नसलो तरी सुरी सालीवरचे जंतू गरात नेते, आणि आम्लता कमी व पाणी ९० टक्क्यांहून अधिक असलेल्या या गरात ते झपाट्याने वाढतात. चिरलेले फळ झाकून थंड ठेवावे. रस्त्यावर मांडलेल्या उघड्या फोडींबद्दल कीटकशास्त्रज्ञ या नात्याने एवढेच सांगतो की घरमाशीस घन अन्न खाता येत नाही. ती आधी त्यावर लाळ व पोटातील द्रव ओकते, मग विरघळलेला भाग शोषते. आणि त्यापूर्वी ती कोठे बसली होती हे आपल्याला ठाऊक नसते.

फोडी करताना फळ आडवे न कापता देठापासून शेंड्यापर्यंत उभे कापावे. मध्याचा गोड गाभा मग प्रत्येक फोडीस थोडा थोडा मिळतो आणि घरातील धाकट्यांचे भांडणही वाचते. बर्फासारखे गार फळ उन्हातून आल्यावर सुखद वाटते खरे, परंतु अतिथंड पदार्थाची गोडी जिभेस कमी जाणवते. शीतकपाटातून काढून दहा-पंधरा मिनिटांनी खाल्ले तर तेच फळ अधिक गोड लागते. चिमूटभर मिठानेही गोडी उठून येते. फिके निघालेल्या फळावर साखर पेरण्यापेक्षा मीठ, लिंबू व पुदिना घालून त्याचा रस करावा, तो वाया जात नाही.

लाल गर व हिरवी साल यांमधील पांढरा भाग टाकून देऊ नये. किसून थालीपिठात घालता येतो, दुधीप्रमाणे त्याची भाजी होते, दही घालून कोशिंबीरही होते. सिट्रुलिन हे अमिनो आम्ल, ज्याचे नावच कलिंगडाच्या ‘सिट्रुलस’ या प्रजातिनामावरून पडले, या पांढऱ्या भागातही असते. बिया धुऊन वाळवून सोलल्या की मगज मिळतो, ठंडाईत वापरतात तोच. पेरणीसाठी मात्र बाजारातील फळाच्या बिया ठेवू नयेत. ती फळे बहुतांशी संकरित वाणांची असतात आणि पुढच्या पिढीत तेच गुण उतरत नाहीत.

फळ चिरल्यावर आत अळ्या आढळल्या तर ते उकिरड्यावर किंवा परसात उघडे टाकू नये. पूर्ण वाढलेल्या अळ्या फळातून बाहेर पडून मातीत काही सेंटिमीटर खोल कोषावस्थेत जातात, आणि उन्हाळ्यात अंड्यापासून दोन-तीन आठवड्यांत माशी तयार होते. परसातील काकडी, दोडका, कारले, भोपळा यांवर पुढची अंडी तीच घालते. किडके फळ जाड प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून चार-पाच दिवस कडक उन्हात ठेवावे, मग टाकावे. शेतातील किडकी फळेही रोज गोळा करून याच रीतीने नष्ट करावीत किंवा खोल पुरावीत. वेलीखाली तशीच राहू देऊ नयेत.